पाच मुलुखांची हवा, एक मूठ मीठ

आमच्या दाराच्या चौकटीला बाहेरच्या अंगाने मिठाची एक पुरचुंडी कायम टांगलेली असे. मिठागरावर राबणाऱ्या घरांत ती असायचीच. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मूठभर मीठ, वर काथ्याची गाठ. कापड नुसतं ओलावलं तर दोन दिवसांत पाऊस. थेंब धरला तर आजच. आणि घरातली म्हातारी म्हणाली, 'रडतेय गो ही', की कोंडीतलं, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यातलं, मीठ होतं तसं टाकून राशी झाकायला पळायचं. आमच्या पुरचुंडीचा लौकिक असा होता, की समुद्र भरतीला निघण्याआधी लाटेला पुढे पाठवून तिचा अंदाज घेई, मगच आत येई.

हे मीच लोकांना सांगत असे. मी पुष्कळ काही सांगत असे. तेव्हा माझी बाविशी होती, विसावं शतकही जवळपास तेवढ्याच वयाचं, आणि उरणच्या आसपासच्या दहा गावांत माझ्यासारखा थापाड्या दुसरा नव्हता. आता हेही मीच सांगतोय, म्हणजे यातलंही निम्मंच धरा.

मुंबईपलीकडे मी पाऊल टाकलं नव्हतं, पण साऱ्या हिंदुस्थानची हवा मला तोंडपाठ होती. बंदरावर गलबतं लागली की खलाश्यांच्या मागे मागे हिंडायचं, त्यांनी एक सांगितलं की घरी येऊन दहा करायचे. मारवाडात म्हणे इतकं कोरडं, की माणूस रडला तर डोळ्यांतून पाणी येत नाही, नुसते मिठाचे खडे पडतात. बायका ते वेचून भाजीत घालतात, म्हणून तिथे ज्या घरात दुःख जास्त त्या घरची भाजी चवदार. मलबारात पाऊस असा, की मासे माडावर चढतात. नारळ काढायला गेलेला माणूस सुरमई घेऊन खाली उतरतो. पंजाबात थंडी अशी, की म्हशीची धार काढायला बसलं तर तांब्यात तुपाच्या कांड्या वाजतात.

या सगळ्याला हसणारा एक माणूस घरात होता. माझा थोरला भाऊ. त्याला आम्ही दादूस म्हणायचो. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आणि मिठागरावर त्याची जीभ सोन्याची. कोंडीतलं पाणी बोटाने जिभेला लावायचा आणि सांगायचा, 'परवा सकाळी धरल.' परवा सकाळी मीठ धरलेलं असायचंच. त्यात थाप नाही. त्याच्याबद्दल मला कधी थाप मारावीच लागली नाही.

दादूस हसायचा, आणि हसता हसता त्याचा श्वास अडकायचा. आधी गंमत वाटे. मग फुंकणीत खडा अडकावा तसा आवाज यायला लागला. मग तो आवाज हसण्याशिवायही यायला लागला. तिशीच्या आतबाहेर असताना त्याने पावसाळ्यात आडवं होणं सोडलं. भाताच्या तुसाने भरलेल्या पोत्याला पाठ लावून बसायचा, तोंड उघडं, खांदे वर चढलेले, एकेक श्वास विहिरीतून शेंदून काढल्यासारखा ओढायचा. वयनी, म्हणजे त्याची बायको, मला दटावायची, "भावजी, तुमच्या बाता बंद करा. एकेका बातेला त्यांचा एकेक तास जातो."

पनवेलच्या वैद्यांकडे नेलं. म्हातारे होते, छातीला कान लावून बराच वेळ ऐकत बसले. म्हणाले, "खारी आणि ओली हवा याची वैरीण आहे. लागोपाठ दोन पावसाळे कोरड्या मुलुखात काढले तर छाती सुधारेल. इथंच काढले, तर..." आणि खल ओढून घेऊन औषध कुटायला लागले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कुटण्याचा आवाज मात्र आम्ही पनवेलपासून घरापर्यंत ऐकत आलो.

घरी प्रश्न पडला, की कोरडा मुलूख म्हणजे कुठला?

गावात प्रत्येकाला तो ठाऊक होता आणि प्रत्येकाचा वेगळा होता. ज्याची बहीण जिथे दिली, तिथली हवा चांगली. ज्याला जिथे कुणी फसवलं, तिथली हवा वाईट. मी तर एका दमात अकरा मुलूख सांगितले. दादूस म्हणाला, "तुझ्या मारवाडात जावंसा वाटतंय मना. रडलो तर कालवणाला मीठ तरी व्हईल."

वयनी चुलीपुढून उसळली. "जिवावर आलाय नि हसताय! खरा कोन सांगल ता बघा."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीठ सांगल. मानूस खोटा बोलतो. मीठ खोटा बोलत न्हाय."

मग आमच्या घरात ते काम सुरू झालं. असलं काम मिठागरावरच्या माणसांशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आईने एकाच कोंडीतलं, एकाच दिवशी ओढलेलं मीठ घ्यायचं ठरवलं. ते बांधावरून बाहेर न्यायचं म्हणजे सरकारचा गुन्हा. मिठाचा शिपाई दंडुका घेऊन उभा. वयनीने ते अंबाड्यात घालून आणलं. पाच मुठी मीठ! त्या दिवशी तिचा अंबाडा भांड्यांच्या उतरंडीसारखा डुलत होता आणि शिपाई म्हणे सलाम करून बाजूला झाला. तेही निम्मं धरा. मीठ आलं, एवढं खरं.

आईने एकेक मूठ भरली. मूठ वर काढायची, बोटांबाहेरचं झटकायचं, आत राहील तेवढंच कापडात. वयनीने पांढऱ्या लुगड्याचे पाच तुकडे करून, पाच सारख्या पुरचुंड्या दोऱ्याने शिवल्या. एक आमच्या दाराला. एक कराचीच्या गलबतावरच्या शेजारच्या खलाश्याकडे. एक खानदेशात सरकीच्या कारखान्यात असलेल्या गावच्या जावयाकडे. एक आमच्या वाण्याकडे; तो दर वर्षी मारवाडात आपल्या घरी जायचा. आणि पाचवी मावशीकडे. मावशीचा नवरा रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये होता, घाट चढून गेलं की पहिल्याच ठेसनाजवळ त्यांची खोली. आमच्याकडे घाटावर म्हटलं की सगळा मुलूख कोरडाच समजायचे. घाट चढला की पाऊस खाली राहतो, असं आमच्याकडची शेंबडी पोरंही सांगायची.

सगळ्यांना एकच निरोप. नागपंचमीला बाहेर वळचणीखाली टांगा, पावसाचा थेंब लागू देऊ नका, हवा लागू द्या. दसऱ्याच्या आत परत पोचवा. पाझरून जाईल ते जाईल. उरेल ते आईच्या मुठीत पुन्हा घालून बघायचं. जिथली मूठ भरेल, तिथे दादूस जाईल.

आणि त्याला घेऊन कोण जाईल? आईने माझ्याकडे बघितलं. "हा. सगलं मुलूख यालाच म्हायती हायत."

मी छाती फुगवून म्हणालो, "मारवाड? उद्या सांग, उद्या निघतो." तोंडाने हिंदुस्थान तीनदा पालथा घातलेला मी, पण मुंबईत धक्क्यावर उतरलो की परतीच्या मचव्याकडे पाठ करायला मला भीती वाटायची.

त्या पावसाळ्यात दादूस दारासमोर बसून होता. पुरचुंडी त्याच्या डोळ्यांपुढे. पहिल्या आठवड्यात कापड काळवंडलं, मग टोकाला थेंब आला, मग दिवसभर टप, टप. खाली आईने वाटी ठेवली होती. दादूस थेंब मोजायचा आणि मधे मधे दम घ्यायचा. एकदा मला म्हणाला, "हिचा नि माझा एकच धंदा. दोघं झिरपतो." मी वाटीतलं पाणी अंगणात ओतलं आणि वाटी पुन्हा थेंबाखाली ठेवली.

भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, मावशीची पुरचुंडी आणायला मलाच पाठवलं. मिठागर बंद, मला दुसरं काम नव्हतं. पनवेलपर्यंत चालत, तिथून घाट चढणाऱ्या मोटारीने. पायथ्याशी उघडीप होती, अंगावर ऊन होतं. मी मनात म्हटलं, आता वर कोरडं.

घाटाच्या अर्ध्यावर मोटार पांढऱ्यात शिरली. ड्रायव्हरने दिवे लावले, दिवसा अकराला. मग दिवेही दिसेनात. त्याने क्लीनरला पुढे चालायला लावलं, क्लीनर हातातल्या फडक्याने दाखवतोय, मोटार त्याच्या मागून बैलासारखी. ठेसनापाशी उतरलो तेव्हा मला ठेसन दिसत नव्हतं, नुसती घंटा ऐकू येत होती. मावशीची खोली मी हाताने भिंती चाचपत शोधली, आणि भिंती ओल्या होत्या. आतल्या भिंतीसुद्धा. कोपऱ्यात शेवाळ होतं, पोपटी, मखमलीसारखं. दोरीवर काकांचं धोतर होतं.

"मावशे, हे कधी धुतलंस?"

"राखीपुनवेला," मावशी म्हणाली. "अजून सुकतंय."

मावशी मोठी प्रेमळ बाई. मूलबाळ नव्हतं, आम्हा भावांवर जीव. चहा टाकला, पाठीवरून हात फिरवला, आणि उत्साहाने माझा हात धरून चुलीकडे नेलं. चुलीच्या वर, खिळ्याला, सुक्या बोंबलांच्या माळेशेजारी आमची पुरचुंडी लोंबत होती. पांढरी होती ती आता चहाच्या रंगाची झाली होती.

"बघ," मावशी म्हणाली, "बाहेर टांगली होती पयल्यांदा. चार दिसांत पार गळायला लागली रं! म्हटला, ताईच्या मुठीचा मीठ, असा चिखलात जाऊ देऊ? म्हणून आत घेतली. चुलीवर बघ कशी खडखडीत र्‍हायली." आणि तिने पुरचुंडी माझ्या कानाशी हलवली. आतले खडे वाजले.

मला सगळं समजलं. तिथल्या तिथे, चहाचा पेला हातात असताना. दाराबाहेर धुक्याचा तो पांढरा ढीग उभा होता, आणि काका आत आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यातला एक तुकडा खोलीत आला आणि कंदिलाभोवती फिरत राहिला. काका म्हणाले, "आषाढापासून सूर्य बघितला न्हाय." ते तक्रार करत नव्हते. 'भात शिजला' म्हणावं तसं म्हणाले.

मी म्हणालो, "बरं केलंस मावशी."

परतीच्या मोटारीत पुरचुंडी मांडीवर होती. मी स्वतःशी हिशेब करत नव्हतो, पण एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नव्हती. मारवाडात उतरलेला मी, बाजूला श्वास ओढणारा दादूस, चहूकडे वाळू, आणि पाणी कुणाकडे मागायचं तेही कुठल्या भाषेत, ते ठाऊक नाही. दोन वर्षं. दोन पावसाळे. घाट उतरून खाली ऊन लागलं, तेव्हा मी पुरचुंडी धोतराने पुसली. जेवढं काळं निघालं तेवढं निघालं.

दसऱ्याच्या दिवशी आईने ओटीवर सूप मांडलं. चार पुरचुंड्या परत आल्या होत्या, पाचवी दाराची. दादूसला पोत्यासकट आणून बसवला. वयनी मागे उभी. आई एकेक सोडवायची, मीठ मुठीत घ्यायची, मूठ मिटायची.

दाराची उघडली. नुसतं कापड. आईने ते पिळून सुपाच्या कडेला ठेवलं, आणि दादूस त्याच्याकडे बघत राहिला.

कराचीची, अर्धी मूठ. खलाश्याने सांगितलं होतं की तिथे पाऊस नाही पण समुद्राची हवा रात्रंदिवस अंग चाटते. खानदेशची, पाऊण मूठ. जावयाचा निरोप होता, उन्हाळ्यात इथे माणूस भाजून निघतो, पण पावसात सरकीलाही कोंब येतात.

मारवाडची. आईने मूठ मिटली. मिटेना. बोटं टेकेनात. पुरी मूठ, जशी गेली तशी. आनंद व्हायला हवा होता. वयनी आतून भांडं आणायला म्हणून वळली आणि भांडं न घेताच परत आली.

मग आईने मावशीची सोडवली. मीठ मुठीत घेतलं, मूठ मिटली, आणि नाकाशी नेली. क्षणभर तशीच ठेवली. मग खाली घेतली आणि उघडून दाखवली. थोडंसंच कमी. जवळजवळ भरलेली.

"भरली," आई म्हणाली.

वयनीने पदर तोंडाला लावला. "घाटावरची भरली!" म्हणजे आपल्याच माणसांत. म्हणजे आपलीच भाषा. म्हणजे वयनीलाही बरोबर जाता येईल, महिन्यातून कुणी जाऊन बघून येईल. दादूसच्या डोळ्यांत पाणी आलं. मिठाचे खडे नाही, पाणीच.

"तू बघून आयलास ना," तो मला म्हणाला. "कशी हाय वरची हवा?"

आता मी काय केलं ते ऐका. मी खरं सांगितलं. अक्षरन् अक्षर. पण मी सांगतो तसं सांगितलं. म्हणालो, "वर धुकं असं, की मावशीची गाय गोठ्यातून निघाली ती आठ दिवस सापडेना. गाव धुंडाळलं. नवव्या दिवशी धुकं जरा फाटलं तर काय, दारातच उभी! मावशी रोज सकाळी कोयता घेते, दार उघडते, धुक्यात माणूस जाईल एवढं भगदाड पाडते, मग काका कामावर जातात. काकांचं धोतर राखीपुनवेपासून वाळत घातलंय. त्याला आता पालवी फुटलीय, दिवाळीला कणसं धरतील."

सगळे खो खो हसले. दादूस सगळ्यात जास्त. हसून हसून त्याचा श्वास अडकला, वयनी पाठ चोळायला धावली, तरी तो हात करत होता, सांग, सांग, आणखी सांग.

हसू ओसरल्यावर आईने मला विचारलं, "ह्या झाल्या बाता. आता खरा काय ता सांग."

तिचे डोळे माझ्यावर होते. ओटीवर सूप, सुपात पाच मुलुखांची हवा. मी सुपाकडे बोट केलं.

"मीठ सांगतंय ना," मी म्हणालो.

मारवाडचं मीठ आईने एका काचेच्या बाटलीत घातलं आणि फळीवर ठेवलं. बाकीचं कालवणात गेलं.

कार्तिकात दादूस आणि वयनी वर गेले. आणि वर हिवाळा होता. थंडीत घाटमाथ्यावरची हवा खरोखर काचेसारखी असते. महिन्याभरात दादूस आडवा झोपायला लागला. ठेसनातल्या कारकुनाकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं, की दोन भाकऱ्या खातो, रुळांच्या कडेने मैलभर चालतो, यंदा मीठ कसं आहे. मी ते कार्ड गावभर वाचून दाखवलं आणि दर वेळी मैल वाढवत गेलो. फाल्गुनापर्यंत माझा दादूस रोज पुण्याला जाऊन येत होता. मला वाटायला लागलं, की मी काही केलंच नाही. मीठच बरोबर होतं.

वैशाखात आमच्याकडे मीठ ओढायची घाई. बांधावर उभा राहिलो की समोर डोंगराची निळी रेघ दिसायची, आणि रोज दुपारी तिच्यावर कापसाचा एक पुंजका जमायला लागला होता. मी आईला म्हणालो, "पावसाआधी दादूसला खाली आणू का? चार दिस. मग खानदेशात बघू."

"कशाला?" आई म्हणाली. "वैद्यांनी दोन पावसालं सांगितलंत. मूठ भरली व्हती ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. पण ते सांगायचं म्हणजे दसऱ्यापासूनचं सगळं सांगायचं. मी दाताळं उचललं आणि कोंडीत उतरलो.

आषाढात कार्ड आलं. कारकुनाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. मी पनवेलपर्यंत पावसात धावलो, धावलो हे अगदी खरं. मोटार त्याच पांढऱ्यात शिरली. मी भिंती चाचपत खोली शोधली.

दादूस चुलीपाशी बसला होता, पोत्याऐवजी भिंतीला टेकून, आणि भिंत ओली म्हणून पाठीशी घोंगडं. डोक्यावर तो खिळा, बोंबलांची माळ. त्याचे ओठ निळसर झाले होते. मावशी मला बघून रडायलाच लागली. "काय करू रं, दिवस-रात चूल पेटवून ठेवते. चुलीपाशी मीठ र्‍हायला, मानूस कसा र्‍हात न्हाय?"

दादूसने तिला हाताने गप्प केलं. माझ्याकडे बघितलं. मग एकेक शब्द शेंदून काढत म्हणाला,

"ती गाय... सापडली काय रं?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मना वाटला, बात मारतंस," तो म्हणाला. थांबला. श्वास घेतला. "तू तर खरा सांगत व्हतास." आणि हसला. रागाने नाही. लहानपणी मी खाडीत पडलो आणि त्याने केसाला धरून वर काढलं, तेव्हा जसा हसला होता तसा. "पुढच्या टायमाला खरा बोलशील तर... आधी सांग. म्हंजे आमी हसनार न्हाय."

त्या हसण्याने त्याचा अर्धा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. लाकडं ओली होती. काकांच्या गँगने रुळांखालचे डांबर लावलेले जुने स्लीपर खांद्यावर वाहून आणले, म्हणून चिता पेटली. धूर वर गेलाच नाही. धुक्यातच मिसळला, आणि आम्ही किती वेळ उभे होतो आणि काय बघत होतो ते कुणालाच कळलं नाही. वयनीला घेऊन मी खाली आलो. पायथ्याशी ऊन होतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती. आईही गेली. छत्तीस-सदतीस सालचा सुमार असेल. पावसाळा संपला की वयनी दाराची पुरचुंडी बदलायची, आईच्या मागे ते काम तिच्याकडे आलं होतं. ओटीवर सुई-दोरा घेऊन बसली होती, मी चौकटीला काथ्या बांधत होतो. दारावरून जाणाऱ्या कुणी तरी हाक मारून विचारलं, "काय रं, कराचीला हवा कशी हाय आता?" लोक अजून विचारायचे, जुन्या सवयीने. मी म्हणालो, "ठाऊक न्हाय बाबा." तो हसला. त्याला तीही थापच वाटली.

वयनी दोरा दाताने तोडत म्हणाली, "भावजी, त्या पुरचुंडीला धुराचा वास व्हता."

मी काथ्या धरून उभा राहिलो.

"कापड मी शिवला व्हता. पांढरा गेला, चहाच्या रंगाचा आयला. मी काय आंधली व्हते?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने सुई कापडात टोचून ठेवली. "मारवाडात मना कोन नेनार व्हता? ते तिकडं, नि मी हिकडं दारात बसून वाट बघायची. म्हटला, जवल हाय, मी चूल पेटती ठेवीन." मग म्हणाली, "सासूबायनीपन हुंगली व्हती. मूठ नाकाशी नेली नव्हती का?"

मला ती मूठ दिसली. नाकाशी थांबलेली. मग खाली आलेली, उघडलेली.

"दादूसला वास आला असेल?" मी विचारलं.

"त्यांचा नाक कवा उघडा असायचा," वयनी म्हणाली.

ती उठली, पुरचुंडी माझ्या हातात दिली, मी ती टांगली. मग मला आठवण झाली. मी विचारलं, "वयनी, आईने फळीवर बाटली ठेवली होती. मारवाडच्या मिठाची. तिचं काय झालं?"

"ते म्हायत न्हाय तुमाला?" ती म्हणाली. "ज्या पावसात ते गेले ना, त्याच पावसात. बूच सैल व्हता. पुरी मूठ गेली नि पुरी मूठ आली, येवढ्या लांबून. आन् आपल्या फळीवर बसून चार महिन्यांत पानी झाली. मी वतून दिली उंबऱ्याभायेर."